अ‍ॅटिकमध्ये फुंकून भरायचे इन्सुलेशन: किती पोती लागतील याचा नेमका हिशेब

अमेरिकेत किंवा कॅनडात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांत अनेकांचे बालपण स्लॅबखाली किंवा कौलांखाली गेलेले असते. त्यामुळे घराचे छत आणि वरचे उतरते छप्पर यांच्यामध्ये असलेल्या अ‍ॅटिककडे सहसा कोणी लक्ष देत नाही. हिवाळ्यात गॅसचे बिल वाढते, उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या खोल्या रात्रीही तापलेल्या राहतात, मग कोणीतरी सुचवते की अ‍ॅटिकमध्ये इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, भरून घ्या. ठेकेदार येतो, झडपेतून डोके वर काढून पाहतो आणि ‘सोळा-सतरा इंच भरू’ असे सांगून आकडा देतो. तो आकडा बरोबर आहे की नाही, हे घरमालकाला स्वतः तपासता यावे आणि काम स्वतः करायचे असल्यास पोती नेमकी आणता यावीत, यासाठी हा लेख आहे. पोकळ फुगवलेला थरसुद्धा मोजपट्टीवर पुरेसा जाड दिसतो, म्हणून इन्सुलेशनचा खरा हिशेब इंचांत न करता पोत्यांत आणि वजनात करावा, हे माझे म्हणणे आहे आणि पुढची सारी आकडेमोड त्याच दिशेने जाते.

कोणते अ‍ॅटिक, कोणता पदार्थ

येथे विचार केला आहे तो हवा खेळत्या अ‍ॅटिकचा. त्यात इन्सुलेशन अ‍ॅटिकच्या जमिनीवर, म्हणजे खालच्या खोल्यांच्या छतावर पसरलेले असते आणि छपराखालची पोकळी बाहेरच्या हवेशी जोडलेली असते. छपराच्या आतल्या उतारावर फोम फवारलेला असेल, तर हा हिशेब लागू होत नाही.

यंत्राने नळीतून फुंकून भरायचे पदार्थ मुख्यतः तीन आहेत. सेल्युलोज हे जुन्या वर्तमानपत्रांच्या कागदापासून करतात आणि आग पसरू नये म्हणून त्यात बोरेटसारखी रसायने मिसळतात. सुटे फायबरग्लास हे काचेचे हलके तंतू असतात. तिसरा पदार्थ रॉकवूल, पण घरगुती दुकानांत फुंकायचे रॉकवूल क्वचितच मिळते. या पदार्थांचा उष्णतेला होणारा विरोध आर-मूल्यात मोजतात. प्रत्येक इंचाला सेल्युलोज साधारण 3.2 ते 3.8, सुटे फायबरग्लास 2.2 ते 2.9 आणि रॉकवूल 3.0 ते 3.3 आर-मूल्य देते. कॅनडातल्या वाचकांना पोत्यावर मेट्रिक आरएसआय आकडाही दिसेल. आर-मूल्याला 5.678 ने भागले की तो मिळतो, म्हणजे आर-60 हे साधारण 10.6 आरएसआय होते.

लक्ष्य ठरवणे

अमेरिकेचे हवामानानुसार आठ विभाग पाडलेले आहेत. ह्यूस्टन आणि फिनिक्स दुसऱ्या विभागात येतात, डॅलस, अटलांटा आणि सॅन फ्रान्सिस्को बे परिसर तिसऱ्यात, न्यू जर्सीतले एडिसन आणि सिअ‍ॅटल चौथ्यात, शिकागो आणि बॉस्टन पाचव्यात, तर मिनिअ‍ॅपोलिस सहाव्यात. एनर्जी स्टार या सरकारी कार्यक्रमाच्या शिफारशीनुसार अ‍ॅटिक पूर्ण रिकामे असल्यास पहिल्या विभागात आर-30, दुसऱ्या-तिसऱ्यात आर-49 आणि चौथ्यापासून पुढे आर-60 भरावे. आधीचे तीन-चार इंच इन्सुलेशन असेल, तर त्याच क्रमाने आर-25, आर-38 आणि आर-49 नव्याने वर घालावे. दुसरी रांग ‘नव्याने किती घालायचे’ ते सांगते आणि ‘एकूण किती व्हावे’ ते सांगत नाही. पुष्कळ जण येथेच गोंधळतात आणि कमी माल आणतात. स्थानिक बांधकाम विभागाचा नियम वेगळा असू शकतो, म्हणून परवाना लागणाऱ्या कामात तो आधी विचारून घ्यावा.

सुरुवातीचे इंच सर्वांत जास्त काम करतात. छतातून निसटणारी उष्णता आर-मूल्याच्या व्यस्त प्रमाणात असते. आर-10 वरून आर-30 वर गेल्यास ती एक तृतीयांश उरते, तर आर-49 वरून आर-60 वर गेल्यास उरलेल्या थोडक्या उष्णतेत सुमारे 18 टक्के घट होते. पैसे मर्यादित असतील, तर शेवटच्या दहा आरसाठी अडून बसण्यापेक्षा ते आधी फटी बुजवण्यावर खर्च करावेत.

क्षेत्रफळ मोजणे

घराच्या जाहिरातीत छापलेले क्षेत्रफळ येथे वापरू नये. दोन मजली 2,400 चौरस फुटांच्या घराचे अ‍ॅटिक साधारण 1,200 चौरस फुटांचेच असते. छपराच्या उताराचे क्षेत्रफळही घेऊ नये, कारण माल आडव्या छतावर पसरायचा असतो. ज्या खोल्या गरम किंवा थंड ठेवल्या जातात, त्यांच्यावरचे सपाट छत तेवढे मोजावे. गॅरेजवरचा भाग त्याखाली किंवा त्यावर वापरातली खोली नसल्यास वगळावा. ज्या बैठकीच्या खोलीचे छत थेट छपराच्या उताराबरोबर वर गेलेले आहे, तिच्यावर अ‍ॅटिकच नसते, म्हणून तीही वगळावी.

मोजमाप खाली, घरातच करणे सोपे आणि सुरक्षित असते. मजल्याचा आराखडा कागदावर काढून तो आयतांत तोडावा आणि प्रत्येक आयताची लांबी-रुंदी फुटांत लिहावी. मी बाहेरच्या भिंतीची बाहेरची कड धरून मोजणे पसंत करतो, कारण भिंतीच्या माथ्यावरही इन्सुलेशन पोचले पाहिजे आणि तेथेच ते बहुधा तोकडे पडते. चिमणीभोवतीची जागा एवढीच वजाबाकी पुरे. जॉइस्टच्या, म्हणजे छताला आधार देणाऱ्या आडव्या वाशांच्या, लाकडाने व्यापलेली जागा वेगळी वजा करण्याची गरज सहसा नसते. नवा थर जॉइस्टच्या माथ्यावरून जाणार असेल, तर लाकूडही झाकले जाते, आणि रिकाम्या अ‍ॅटिकसाठी पोत्यावरच्या तक्त्यात लाकडाचा हिशेब केलेला वेगळा रकाना असतो.

आधी काय आहे ते पाहणे

अ‍ॅटिकमध्ये पाय फक्त जॉइस्टवर किंवा त्यांवर आडव्या टाकलेल्या फळीवर ठेवावा. दोन जॉइस्टच्या मधला ड्रायवॉल, म्हणजे छताचा जिप्समचा पातळ पत्रा, माणसाचे वजन पेलत नाही. एन-95 मास्क, डोळ्यांवर बंद चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. उन्हाळ्यात हे काम पहाटेच उरकावे, कारण दुपारी तेथील उष्णता धोकादायक होते.

मोजण्यापूर्वी एक गोष्ट नीट पाहावी. जुने इन्सुलेशन खड्यांसारखे, अभ्रकाची चमक असलेले, तपकिरी-राखाडी असेल, तर ते व्हर्मिक्युलाइट असण्याची शक्यता असते. अमेरिकेत वापरलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी मोठा भाग मॉन्टाना राज्यातल्या लिबी येथील खाणीतून आला. ती खाण 1990 मध्ये बंद झाली आणि तिच्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेले होते. असा माल दिसल्यास पट्टी खुपसू नये, झाडू लावू नये, झडप बंद करून परवानाधारक तज्ज्ञाला बोलवावे. तसेच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या घरात चिनी मातीच्या गुंड्यांवरून ताणलेल्या जुन्या विद्युत तारा असल्यास त्यांवर इन्सुलेशन घालण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून तपासणी करून घ्यावी, कारण त्या तारांची उष्णता मोकळ्या हवेत निघून जाईल असे गृहीत धरूनच त्या बसवलेल्या असतात.

हे दोन्ही धोके नसतील, तर अरुंद पट्टी हलकेच छताला टेकेपर्यंत खाली घालून निदान आठ ठिकाणी खोली मोजावी. कडेला, मध्यावर आणि झडपेजवळ अशी विखुरलेली ठिकाणे घ्यावीत. सरासरी खोलीला त्या पदार्थाच्या प्रति-इंच मूल्याने गुणले की सध्याचे आर-मूल्य मिळते. बसलेल्या सुट्या फायबरग्लाससाठी मी 2.5 धरतो, गादीसारख्या पट्ट्यांसाठी 3.1 आणि सेल्युलोजसाठी 3.5. पदार्थ ओलसर, काळपट किंवा उंदरांनी विस्कटलेला असेल, तर त्याचे मूल्य शून्य धरावे आणि ओल कोठून येते हे शोधून ती थांबेपर्यंत पुढचे काम करू नये.

सरासरीच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी लागते. समजा अर्ध्या अ‍ॅटिकमध्ये आर-10 आहे आणि अर्ध्यात आर-30. साधी सरासरी आर-20 येते, पण उष्णता पातळ भागातून अधिक निसटत असल्यामुळे सरासरी काढायची ती आर-मूल्याच्या व्यस्त संख्येची. एक दशांश आणि एक तिसांश यांची सरासरी 0.0667 येते, म्हणजे संपूर्ण अ‍ॅटिक आर-15 इतकेच काम करत असते. खोली फार असमान असेल, तर नवा माल पडण्याआधी जुना माल लांब दांड्याने सारखा करून घ्यावा. त्याला खर्च येत नाही आणि लाभ खरा होतो.

घडीची शिडी किंवा झडप याच कारणाने महत्त्वाची ठरते. 1,250 चौरस फुटांपैकी 1,240 चौरस फुटांवर आर-60 भरले आणि घडीच्या शिडीच्या 10 चौरस फुटांवर केवळ लाकडाचे आर-1.5 राहिले, तर वरच्याच रीतीने संपूर्ण छताचे प्रभावी मूल्य आर-46 च्या आसपास येते. एका झाकणापायी चौदा आर वाया जातात, म्हणून शिडीवर बसवायची उबदार पेटी आणि कडेची रबरी पट्टी यांचा खर्च सुरुवातीलाच अंदाजात धरावा.

पोत्यावरचा तक्ता

येथे खरा आधार मिळतो तो फेडरल ट्रेड कमिशनच्या आर-मूल्य नियमाचा. 1979 सालच्या या नियमानुसार सुट्या इन्सुलेशनच्या प्रत्येक पोत्यावर तक्ता छापणे उत्पादकाला बंधनकारक आहे. त्यात प्रत्येक आर-मूल्यासमोर किमान जाडी, एका पोत्यात झाकले जाणारे कमाल क्षेत्रफळ, 1,000 चौरस फुटांना लागणारी पोती आणि प्रति चौरस फूट किमान वजन दिलेले असते. पोत्यातल्या मालाचे वजनही छापलेले असते. दुकानात उभे राहून या तक्त्याचे छायाचित्र काढून आणावे आणि अंदाज घरी बसून करावा. वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, म्हणून एका कंपनीचा तक्ता दुसरीच्या पोत्याला लावू नये.

जाडी आणि वजन हे दोन्ही रकाने का लागतात, ते यंत्राच्या कामातून समजते. यंत्र मालात हवा मिसळते. नळीचा वेग आणि हवेचे प्रमाण बदलून तेवढ्याच मालाचा थर जास्त जाड दिसवता येतो, पण त्यात तंतू कमी आणि पोकळी जास्त असते. शिवाय माल कालांतराने खाली बसतो. सेल्युलोज सुमारे 20 टक्के, तर फायबरग्लास आणि रॉकवूल 2 ते 4 टक्के बसते. म्हणून भरतानाची जाडी आणि बसल्यानंतरची जाडी यांत फरक असतो, आणि तक्त्यातली कोणती जाडी कोणत्या अवस्थेची आहे हे वाचून पाहावे लागते. वजन मात्र बसल्याने बदलत नाही.

छत किती पेलेल

अंदाजाची ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि कोणता पदार्थ घ्यायचा हे पुष्कळदा तिच्यावरच ठरते. छताच्या अर्धा इंची साध्या ड्रायवॉलचे आधार 24 इंचांवर असतील, तर वरच्या इन्सुलेशनसाठी रूढ मर्यादा प्रति चौरस फूट 1.3 पौंड आहे. आधार 16 इंचांवर असतील किंवा ड्रायवॉल पाच अष्टमांश इंच जाड असेल, तर ती 2.2 पौंड होते. आर-38 साठी सेल्युलोजचे वजन प्रति चौरस फूट साधारण 1.25 ते 2 पौंड येते आणि फायबरग्लासचे 0.5 ते 1.2 पौंड. तयार ट्रसच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या तयार लाकडी त्रिकोणी सांगाड्यांच्या, घरांत 24 इंचांचे अंतर सर्रास असते. तेथे जाड सेल्युलोज घातल्यास काही काळाने दोन आधारांमधले छत खाली झुकते, आणि मग ते ड्रायवॉल बदलण्याचा खर्च इन्सुलेशनहून मोठा होतो. आधारांमधले अंतर अ‍ॅटिकमध्ये टेपने मोजता येते. ड्रायवॉलची जाडी दिव्याच्या खाचेच्या कडेला दिसते.

एक पूर्ण उदाहरण

एडिसनमधले एक दोन मजली घर घेऊ. बाहेरच्या कडेने मुख्य भाग 44 बाय 28 फूट, म्हणजे 1,232 चौरस फूट. मागे उतरत्या छताची बैठकीची खोली आणि बाजूला गॅरेज आहे, ते दोन्ही वगळले. चिमणीभोवतीची 12 चौरस फूट जागा वजा केली, उरले 1,220. जुने सुटे फायबरग्लास आठ ठिकाणी मोजले: 5, 5, 4, 4, 3.5, 4, 3 आणि 3.5 इंच. सरासरी 4 इंच, प्रति इंच 2.5 प्रमाणे सध्याचे मूल्य आर-10. चौथ्या विभागाचे लक्ष्य आर-60, त्यातून 10 वजा केले की आर-50 उरते, म्हणजे तक्त्यातली आर-49 ची ओळ वाचायची. तीन-चार इंच जुने इन्सुलेशन असलेल्या घरासाठी एनर्जी स्टारची शिफारसही हीच आहे.

आता दोन पदार्थांची तुलना. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, प्रत्यक्षात आपल्या पोत्यावरचेच घ्यावेत. समजा सेल्युलोजच्या 25 पौंडांच्या पोत्यावर आर-49 साठी 1,000 चौरस फुटांना 72 पोती लिहिली आहेत. 1,220 ला 72 ने गुणून 1,000 ने भागले की 87.8, म्हणजे 88 पोती होतात. 72 पोती गुणिले 25 पौंड भागिले 1,000 केले की प्रति चौरस फूट वजन 1.8 पौंड येते. जुन्या मालाचे सुमारे 0.2 पौंड धरले की एकूण 2 पौंड. या घराचे ट्रस 24 इंचांवर आणि ड्रायवॉल अर्धा इंची आहे, मर्यादा 1.3 पौंड. सेल्युलोज येथे चालणार नाही.

फायबरग्लासच्या 28 पौंडांच्या पोत्यावर आर-49 साठी 1,000 चौरस फुटांना 28 पोती आणि किमान जाडी 17.5 इंच लिहिली आहे असे धरू. 1,220 साठी 34.2, म्हणजे 35 पोती होतात. प्रति चौरस फूट वजन 0.78 पौंड, जुन्यासह सुमारे 1 पौंड, म्हणजे मर्यादेच्या आत. कोपऱ्यांत, पाइपांभोवती आणि नळीत थोडा माल वाया जातो, म्हणून पाच-सहा टक्के वाढवून 37 पोती आणावीत. न उघडलेली पोती बहुतेक दुकाने परत घेतात. ठरावीक पोत्यांच्या खरेदीवर यंत्र दिवसभरासाठी भाड्याशिवाय देणारी दुकानेही आहेत. पोती उचलण्याआधी हे विचारून घ्यावे, कारण कमी पडलेल्या दोन पोत्यांसाठी दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा आणावे लागले, तर वाचलेले सारे त्यात जाते.

माल पडण्यापूर्वीची कामे

सोळा-सतरा इंच माल पडल्यावर खालची एकही फट पुन्हा सापडत नाही, म्हणून ही कामे आधी व्हावीत. भिंतींच्या माथ्यावरच्या फटी, पाइप आणि तारा वर येतात त्या जागा फोमने बुजवाव्यात. चिमणीभोवतीच्या फटीला मात्र पत्रा आणि उष्णता सोसणारे सीलंट लागते, साधा फोम तेथे वापरू नये. विटांच्या चिमणीपासून इन्सुलेशन 2 इंच दूर राहावे यासाठी पत्र्याचा बांध घालावा. छतात खोल बसवलेल्या दिव्यावर इन्सुलेशनच्या संपर्कासाठी मान्यतेची ‘आयसी’ खूण नसल्यास त्याच्याभोवती 3 इंच जागा मोकळी ठेवावी किंवा दिवाच बदलावा. न्हाणीघराच्या पंख्याची नळी अ‍ॅटिकमध्ये उघडी सुटलेली असेल, तर ती छपराबाहेर न्यावी. तिच्यातली वाफ नव्या मालात थंड होऊन तो भिजवते.

पागोळ्यांच्या बाजूला, जेथे बाहेरची हवा आत येते, तेथे प्रत्येक दोन ट्रसमध्ये बॅफल, म्हणजे हवेची वाट मोकळी ठेवणारी पन्हळी, लावावा आणि छपराच्या फळीखाली निदान 1 इंच, शक्य असल्यास 2 इंच हवेची वाट राहू द्यावी. आपल्या उदाहरणात 44 फुटांच्या दोन बाजू आणि 2 फुटांचे अंतर धरता सुमारे 44 बॅफल लागतील, तेही यादीत लिहावेत. उतारामुळे तेथे पूर्ण 17.5 इंच मावत नाहीत. त्या जागेत माल दाबून कोंबू नये, कारण गोधडीप्रमाणेच ऊब राखते ती आत अडकलेली हवा, आणि दाबले की ती निघून जाते.

भरताना आणि भरल्यानंतर

निवासी बांधकाम संहितेनुसार दर 300 चौरस फुटांना निदान एक उंचीची पट्टी, झडपेकडे तोंड करून, निदान एक इंच उंचीच्या आकड्यांत लावायची असते. 1,220 चौरस फुटांना 5 पट्ट्या होतात, पण पट्ट्या स्वस्त असतात, दहा लावाव्यात. या पट्ट्या छतापासून मोजत असल्यामुळे जुन्या 4 इंचांवर नवे 17.5 धरून 21.5 इंचांवर खूण करावी. एकाने खाली यंत्रात पोती फोडून टाकावीत आणि दुसऱ्याने दूरच्या कोपऱ्यापासून झडपेकडे येत भरावे.

पोत्यांचा हिशेब काम चालू असतानाच ठेवावा. अर्धे क्षेत्र झाले, तेव्हा 17-18 पोती रिकामी झालेली असली पाहिजेत. जाडी भरली आणि पोती बाराच लागली, तर माल फुगवला जात आहे. यंत्रात माल अधिक सोडावा किंवा हवा कमी करावी. उलट, जाडी अपुरी असताना पोती भराभर संपत असतील, तर माल घट्ट पडत आहे.

ठेकेदाराकडून काम करून घेताना हीच पडताळणी त्याच्या मालावर करावी. रिकामी पोती फेकू नयेत, असे आधीच लेखी ठरवून घ्यावे. समजा त्याने त्याच घरात 26 पोती वापरली आणि पट्टीवर 21.5 इंच दिसतात. 26 गुणिले 28 म्हणजे 728 पौंड, भागिले 1,220 म्हणजे प्रति चौरस फूट 0.60 पौंड, आणि तक्ता 0.78 मागतो. जवळजवळ चौथा हिस्सा माल पडलेलाच नाही, मग पट्टी काहीही सांगो. काम झाल्यावर झाकलेले क्षेत्रफळ, जाडी, आर-मूल्य आणि वापरलेल्या पोत्यांची संख्या लिहिलेली, सही केलेली पावती देणे त्याच फेडरल नियमाने ठेकेदारावर बंधनकारक आहे. ती पावती आणि एका पोत्यावरचा कापलेला तक्ता प्लास्टिकच्या पाकिटात घालून झडपेच्या आतल्या बाजूला लावून ठेवावा. घर विकताना तपासनीस अ‍ॅटिकमध्ये चढतो आणि तेथे काय भरले आहे हेच विचारतो.